आचारी स्वतःहून गेला नव्हता

फौजेची नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली, पण आचारी हे नाव काही त्याला सुटलं नव्हतं. छावणीच्या भटारखान्यात तो आचारी होता, पुढे साबणाच्या कारखान्याच्या कँटीनमध्येही आचारीच होता, आणि आता त्याच्याच्यानं पळीसुद्धा उचलवत नव्हती तरी खालचा इस्त्रीवाला जाता-येता विचारायचा, "काय आचारी, पाठ कशी आहे?"

पाठ कशी आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पंधरा मिनिटांच्या वर त्याला बसता येत नसे आणि वीस मिनिटांच्या वर एका जागी उभं राहता येत नसे. चालत राहिलं की कळ जरा दबायची, म्हणून तो घरातल्या घरात चालायचा. खिडकीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून खिडकीपर्यंत, उजवं पाऊल किंचित फरफटत. त्याची बायको म्हणायची, "लोकांच्या पायाला भिंगरी असली की ते गावं पालथी घालतात. आमच्याकडची भिंगरी दोन खोल्यांतच गरगरते."

बायको बांधणीच्या कारखान्यात कामाला होती. वह्या, रजिस्टरं, कचेऱ्यांच्या जाडजूड फायली शिवायचं काम. दिवसभर दाभण आणि दोरा, संध्याकाळी बोटांना खळीचा वास. घरी आली की आधी नवऱ्याच्या चालण्याकडे कान देई. पाऊल जास्त फरफटत असेल तर दिवस वाईट गेला असं समजायचं. एकुलती एक लेक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवायची. जगाला ब्रेक मारायला शिकवते, पण स्वतःच्या तोंडाला ब्रेक नाही, असं आई तिच्याबद्दल सांगायची. त्यात थोडा अभिमानही होता.

त्या दिवशी लेकीनंच ते पाकीट फोडलं. आचाऱ्यानं अपंगत्वाच्या पेन्शनसाठी केलेल्या अर्जाचं उत्तर होतं. लेकीनं मोठ्यानं वाचलं. "सदर दुखापत सेवेमुळे उद्भवलेली नाही, तसेच ती सेवेमुळे बळावलेलीही नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे."

"म्हणजे काय?" बायकोनं विचारलं. "मग काय आईच्या पोटातून घेऊन आले होते ही पाठ?"

आचारी खिडकीशी जाऊन वळला, ओट्याशी जाऊन वळला.

"साठ दिवसांत अपील करता येतं, बाबा," लेक म्हणाली. "खाली लिहिलंय."

"राहू दे," आचारी म्हणाला.

"राहू दे काय? डोंगरावरच्या चौकीला जेवण घेऊन जाताना पडलात ना तुम्ही? का सहलीला गेला होतात?"

त्याचं पाऊल अडखळलं, मग पुन्हा सुरू झालं. बायकोनं ते ऐकलं, पण त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

माजी सैनिकांच्या संघटनेची कचेरी टायरच्या दुकानावर होती. दर बुधवारी तिथे एक वकीलबाई बसायची आणि अशा अपिलांची कामं फुकट करायची. वयानं लेकीएवढीच, बोलायला चटपटीत, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. तिनं सगळं ऐकून घेतलं, वकीलपत्रावर सही घेतली आणि म्हणाली, "काका, आधी तुमच्या सेवेच्या नोंदी मागवू. त्यात दुखापतीचा अहवाल असेलच. तो हातात आला की अर्धं काम झालं."

"नसला तर?" आचाऱ्यानं विचारलं. तो खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होता.

"असतोच. फौजेत शिंक आली तरी कागद होतो."

कागद यायला चार आठवडे लागले. त्या चार आठवड्यांत आचाऱ्याचं चालणं वाढलं. जेवताना उठायचा, दाढी करताना उठायचा, दाराशी जाऊन उगाच कडी बघायचा. बायकोला वाटलं, निकालाची काळजी असेल. तिचाही जीव टांगणीला लागलाच होता. कारखान्यात तिनं एकदा पानं उलटी शिवली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

बुधवारी वकीलबाईनं त्यांच्यासमोर एक पिवळट झेरॉक्स ठेवली. या वेळी तिचा आवाज चटपटीत नव्हता. "काकू, तुम्हीच वाचा."

बायकोनं वाचलं. दुखापतीचा अहवाल. तारीख बरोबर. जागा बरोबर. खाली तीन ओळी: जवान परवानगीशिवाय, स्वतःच्या खाजगी कामासाठी छावणीबाहेर गेला असता घसरून पडला. त्याखाली रेशनच्या कोठीप्रमुखाची सही. आणि त्याच्या शेजारी, वरचा मजकूर मान्य असल्याबद्दल, आचाऱ्याची स्वतःची सही. लग्नाच्या नोंदणीवर होती तशीच, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली.

"ही तुमची आहे?" तिनं विचारलं.

"माझीच."

"आणि हे खरं आहे?"

आचारी दाराबाहेर गेला. जिन्यावर त्याची पावलं उतरताना ऐकू आली, एक हलकं, एक फरफटतं.

वकीलबाईनं सुस्कारा टाकला. "काकू, अपील ऐकणाऱ्या मंडळासमोर मी डॉक्टरचे दाखले ठेवीन, मणक्याचे फोटो ठेवीन. पण सरकारी वकील हा एक कागद काढेल आणि म्हणेल, अर्जदार स्वतःच सांगतोय. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हा अहवाल खोटा असेल, तर ते सांगायला तो लिहिणारा माणूस लागेल."

खाली रस्त्यावर आचारी टायरच्या दुकानापुढे फेऱ्या मारत होता. ती आली तसा तो बसस्टॉपच्या उलट्या दिशेला चालू लागला. ती मुकाट्यानं बरोबर चालली. त्याला बोलायचं असलं की चालावं लागतं हे तिला माहीत होतं. दोन चौक गेल्यावर त्यानं तोंड उघडलं.

"वर चौकीवर अठरा माणसं होती. पावसानं डोंगर ढासळत होता. मुख्यालयातून वायरलेसवर हुकूम आला होता, पुढचा आदेश येईपर्यंत छावणीतून कुणी हलायचं नाही. वरच्या लोकांचं रेशन दोन दिवसांपूर्वी संपलं होतं. कोठीसाहेबांनी मला सांगितलं, दोन डबे गरम भरून पाठीवर बांध आणि जा."

"हुकूम असताना?"

"हुकूम असताना. अर्ध्या वाटेत पायाखालचा दगड निघाला आणि मी ओढ्याच्या घळीत गेलो. चार तासांनी काढलं मला. मग दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते आले. कागद घेऊनच आले. म्हणाले, आदेश मोडून माणूस पाठवला हे वर कळलं तर माझी नोकरीही जाईल आणि पेन्शनही. घरात खाणारी सात तोंडं. रडले गं ते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं."

"आणि तुम्ही सही ठोकलीत."

"डॉक्टर म्हणाले होते, मुका मार आहे, दोन महिन्यांत उड्या मारशील. मला वाटलं, एका सहीनं माणूस वाचतोय, आपलं काय जातंय?"

रस्ता ओलांडताना तिनं त्याचं कोपर धरलं. पलीकडे गेल्यावर सोडलं नाही.

"मला का नाही सांगितलंत एकोणीस वर्षांत?"

"शब्द दिला होता. आणि तू त्यांच्याकडे जायचं नाहीस. ऐकलंस?"

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. साठातले एकतीस दिवस संपले होते.

रविवारी ती लेकीला म्हणाली, "गाडी मिळेल का? मावशीकडे जाऊन येऊ."

"कुठल्या मावशीकडे?"

"तू गाडी काढ. मावशी वाटेत ठरवू."

कोठीसाहेबांचा पत्ता संघटनेच्या यादीत सापडला होता. सत्तरी ओलांडली तरी ते एका वसतिगृहाच्या कोठीवर काम करत होते. मोठ्या इमारतीच्या मागे तळघरासारखी खोली, रांगेनं पिंपं, प्रत्येक पिंपावर खडूनं तारीख आणि वजन. मधोमध जुना काटा. कोठीसाहेब उंच, वाळलेले, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. लेकीनं वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं माप हळूच पिंपात ठेवलं.

"वहिनी, बसायला इथे काही नाही," ते म्हणाले, आणि एक खोका पालथा करून पुढे सरकवला.

ती बसली नाही. तिनं पिशवीतून झेरॉक्स काढली आणि काट्याच्या पारड्यावर ठेवली. "ही तुम्ही लिहिलीत."

त्यांनी चष्मा लावला नाही. न वाचताच म्हणाले, "हो."

"त्यांचा उजवा पाय गेल्यात जमा आहे. बसून जेवता येत नाही त्यांना. आणि सरकार म्हणतं, तुम्ही स्वतःच्या कामाला गेला होतात."

"मला वाटायचं, तो येईल कधीतरी. दर वर्षी वाटायचं. आला असता तर बरं झालं असतं."

"ते नाही येणार. त्यांनी तुम्हाला शब्द दिलाय. मी नाही दिला."

लेक मध्येच म्हणाली, "काका, तुम्ही दोन ओळी लिहून दिल्यात तर काम होईल. नाही लिहून दिल्यात तर तसं आत्ताच सांगा, आम्हाला टांगून ठेवू नका."

"ए, गप्प," आई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

कोठीसाहेब खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. "पेन्शनवर जगतो मी, वहिनी. या नोकरीत काय, जेवण मिळतं आणि दिवस जातो. आता या वयात पेन्शन काढून घेतली तर कुठे जाऊ?" मग पारड्यावरचा कागद उचलून त्यांनी तिच्या हातात दिला. "मला विचार करू द्या."

परत येताना लेक दोनदा चुकीच्या गल्लीत शिरली. "विचार करणार म्हणे! एकोणीस वर्षं काय केलं मग?"  कागदाच्या एका कोपऱ्याला पीठ लागलं होतं. ते बायको नखानं खरवडत होती.

बारा दिवस काही आलं नाही. तिनं दर दुपारी कारखान्यातून वकीलबाईला फोन केले, इतके की शेवटी वकीलबाई उचलल्या उचलल्या "नाही आलं, काकू" म्हणायला लागली. अपील मुदतीत दाखल झालं. त्याच्या तीन प्रती बायकोनं स्वतः शिवल्या आणि मालकानं पुठ्ठा फुकट दिला. तेराव्या दिवशी प्रतिज्ञापत्र आलं. शिक्का, सही, सगळं रीतसर.

वकीलबाई स्वतः घरी घेऊन आली, इतकी ती खूष होती. "ऐका काका. 'वरील अहवालात मी चुकीने खाजगी काम असे लिहिले. प्रत्यक्षात हा जवान, चौकीवरील सहकारी उपाशी असल्याचे न पाहवून, जिवाची पर्वा न करता, स्वतःहून त्यांच्यासाठी जेवण घेऊन निघाला. असा शूर व दयाळू माणूस मी पाहिला नाही.' काका, परवानगी नव्हती हे राहिलंच, पण काम फौजेचं होतं हे सिद्ध होतं. एवढ्यावर आपण जिंकू शकतो!"

बायकोनं डोळे पुसले. लेकीनं टाळी वाजवली. आचारी ओट्याशी उभा होता आणि चालत नव्हता.

"तू गेली होतीस," तो बायकोला म्हणाला.

"गेले होते."

"सांगितलं होतं ना जाऊ नकोस म्हणून?"

"तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं."

त्यानं कागद घेतला, लांब धरून वाचला. "स्वतःहून," तो म्हणाला. मग पुन्हा, "स्वतःहून! शूर!" आणि चालायला लागला, इतक्या जोरात की वकीलबाईनं पाय आवरून घेतले. "मी नको म्हणालो होतो. दोनदा. साहेब, वाट ढासळलीय, नको, असं मी म्हणालो. माझे पाय लटपटत होते. ते म्हणाले, जा. मी पुन्हा म्हणालो, नको. तेव्हा त्यांनी डबे स्वतःच्या हातानं माझ्या पाठीवर बांधले. आणि शूर कसला? जेवण पोचलंच नाही वर. अठरा माणसं आणखी एक दिवस उपाशी राहिली."

वकीलबाईनं त्याच्या हातातला कागद घेऊन घडी घातली.

"काका," वकीलबाई सावकाश म्हणाली, "हे तुम्ही मंडळासमोर बोललात, तर तुमचाच साक्षीदार खोटा पडेल. आधीची सही खोटी, आताचं प्रतिज्ञापत्र खोटं. मग ते कशावर विश्वास ठेवतील?"

ती गेल्यावर बायको म्हणाली, "त्यांच्यासाठी एकदा खोटं लिहून दिलंत. आता एकदा आपल्यासाठी नुसतं गप्प बसा. बोलायचंही नाही, फक्त मान हलवायची."

"बघू," आचारी म्हणाला. या "बघू"चा अर्थ काय, हे तिला पुढचे तीन आठवडे कळलं नाही. त्यांच्यात भांडण झालं नाही, तेच तिला जास्त खुपत होतं. दोघं एकमेकांना ताट वाढत, औषधाची आठवण करत, आणि मधूनच तिला वाटे की याला गदागदा हलवावं.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबलामागे तिघं: निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, एक निवृत्त फौजी अधिकारी, आणि एक डॉक्टरबाई. बाजूला टंकलेखक. आचाऱ्याला खुर्ची दिली तेव्हा वकीलबाई उठून म्हणाली, "अर्जदाराला फार वेळ बसता येत नाही."

"मग उभं राहू दे."

"फार वेळ उभंही राहता येत नाही."

अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालू दे त्यांना. भिंतीकडेनं चाला, काही हरकत नाही."

म्हणून आचाऱ्यानं आपली जबानी चालत चालत दिली. टेबलाकडे येताना आवाज स्पष्ट यायचा, दाराकडे जाताना विरायचा, आणि टंकलेखक दर वेळी मान पुढे काढून म्हणायचा, "शेवटचं काय म्हणालात?" मागच्या बाकावर लेकीला हसू आवरेना. बायकोनं तिला चिमटा काढला.

नोकरी किती वर्षं, काम काय, दवाखान्यात किती दिवस, सगळं झालं. मग फौजी अधिकाऱ्यानं प्रतिज्ञापत्र उचललं. "इथे फार चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल. तर तुम्ही स्वतःहून जेवण घेऊन निघालात. बरोबर?"

आचारी दाराशी पोचला होता. तो तिथेच थांबला. बायकोनं मनातल्या मनात म्हटलं, मान हलवा. फक्त मान हलवा.

"नाही," तो म्हणाला.

"शेवटचं काय म्हणालात?" टंकलेखक म्हणाला.

आचारी टेबलापर्यंत आला. "नाही, म्हणालो. मी स्वतःहून गेलो नव्हतो. मला पाठवलं होतं. मी दोनदा नको म्हणालो, तरी पाठवलं. मी भ्यालो होतो. आणि दवाखान्यातल्या कागदावर मी खोटी सही केली, कारण ज्यांनी पाठवलं त्यांनी तशी विनंती केली."

सरकारी वकील ताडकन उठला. अर्जदाराची एक गोष्ट, त्याच्या सहीची दुसरी, त्याच्या साक्षीदाराची तिसरी, एकाच दुखापतीच्या तीन कथा, त्यातली कुठली निवडायची ते मंडळानं चिठ्ठ्या टाकून ठरवावं का? वकीलबाई खाली बघत होती. अध्यक्षांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं आणि सांगितलं की प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्याला समक्ष बोलवा. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

बाहेर आल्यावर बायको पुढे निघाली. फाटकाशी पोचल्यावर म्हणाली, "हातातोंडाशी आलेला घास होता."

"ठाऊक आहे."

"मग?"

"गेली एकोणीस वर्षं पाठ दुखली की मी स्वतःला विचारतो, गेलास कशाला? मला पाठवलं होतं हे मलाच खोटं वाटायला लागलं होतं. आता तेही त्या कागदावर सही करून देऊ?"

तिचा राग मात्र गेला नाही. तीन आठवडे तो राग तिच्याबरोबर कारखान्यात आला, परत आला, ओट्याशी उभा राहिला. कोठीसाहेब येणार नाहीत याची तिला खात्री होती. सत्तरीचा माणूस, पेन्शन हा एकच आधार. नोटीस गेली तरी आजारी आहे म्हणून कळवून टाकेल. ती त्यांच्या जागी असती तर तिनंही तेच केलं असतं, आणि हे मनात आलं की तिला जास्तच राग यायचा.

कोठीसाहेब आले. इस्त्रीचा सदरा, कमरेला जुडगा नव्हता. आचाऱ्यानं त्यांना इतक्या वर्षांनी पाहिलं आणि सवयीनं ताठ उभा राहिला. कळ मस्तकात गेली असणार, पण उभा राहिला. कोठीसाहेबांनी त्याच्या पायाकडे पाहिलं आणि नजर वळवली.

अध्यक्षांनी सरळच विचारलं. "तुमच्या प्रतिज्ञापत्रात हा माणूस स्वतःहून गेला असं आहे. तो म्हणतो, तुम्ही पाठवलंत. खरं काय?"

"मी पाठवलं."

"त्यानं नकार दिला होता?"

"दोनदा."

"मग शूर वगैरे का लिहिलंत?"

कोठीसाहेबांनी टेबलाची कड धरली. "मला वाटलं, त्याचंही भलं होईल आणि माझंही झाकलं जाईल. एका पांघरुणात दोघं मावू असं वाटलं, साहेब."

"हालचालबंदीचा आदेश तुम्हाला माहीत होता?"

"माहीत होता. पण वरच्या चौकीतला पोरगा वायरलेसवर दर तासाला विचारत होता, काही येतंय का. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारणं बंद केलं. ते मला सहन झालं नाही. दुसरा माणूस नव्हता. जायला मी स्वतः जाऊ शकत होतो." ते थांबले. "मी गेलो नाही. याला पाठवलं. नंतर डबे मीच शोधून आणले आणि लपवले. एक डबा फुटला होता. दुसरा धड होता, आतलं जेवण अजून कोमट होतं."

सरकारी वकिलानं विचारलं, "तुम्ही आज खरं बोलताय हे कशावरून?"

"यात माझा काही फायदा आहे असं तुम्हाला दिसतं का?" कोठीसाहेब म्हणाले.

फौजी अधिकारी बराच वेळ काही लिहीत होता. डॉक्टरबाईंनी आचाऱ्याला जवळ बोलावलं, बूट काढायला लावला, पाऊल वर उचलायला सांगितलं. ते उचललं गेलं नाही. त्यांनी अंगठ्याला टाचणी टोचली. "कळतंय?" "नाही." "इथे?" "नाही." टंकलेखकाला या वेळी सगळं ऐकू आलं.

व्हरांड्यात दोघं म्हातारे समोरासमोर आले. बायको लेकीला धरून जरा मागे थांबली.

"नको म्हणाला होतास ते विसरलो नव्हतो मी," कोठीसाहेब म्हणाले. "तुला वाटलं असेल, विसरलो."

"मला तसंच वाटायचं," आचारी म्हणाला.

"चल, माझी बस आहे."

"साहेब, थोडं चालू या का? मला बसस्टॉपवर थांबता येत नाही, पण तिथवर येतो."

दोघं गेले. एक फरफटत, दुसरा वाकून. अर्ध्या तासानं आचारी एकटा परत आला. काय बोललात असं बायकोनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "काही नाही. वसतिगृहात पिठात किडे होतात म्हणत होते. तमालपत्र टाका म्हटलं."

निकाल पाच आठवड्यांनी आला. या वेळी पाकीट बायकोनं फोडलं आणि लेकीला वाचायला दिलं, कारण अक्षरं तिला दिसेनात. "अर्जदारास झालेली दुखापत ही वरिष्ठांच्या आदेशाने कर्तव्य बजावत असताना झालेली असून ती सेवेमुळेच उद्भवलेली आहे, असे हे मंडळ ठरवत आहे." अपंगत्व मात्र अर्जात मागितलेल्या चाळीसऐवजी तीस टक्के धरलं होतं. कोठीसाहेबांबद्दल एक ताशेरा होता, कडक शब्दांत, पण पुढे काही नाही. वकीलबाईनं फोनवर सांगितलं की इतक्या वर्षांनी त्यांच्या पेन्शनला हात लावताच येत नाही. "पण काकू, ते साक्षीला आले तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं. मी नंतर सांगितलं. जिन्यात मटकन बसले ते."

आचाऱ्यानं लेकीला तेच वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. "वरिष्ठांच्या आदेशाने," तो पुटपुटला. आनंदाचं म्हणावं असं काही त्याच्या चेहऱ्यावर आलं नाही. फक्त खिडकीशी जाऊन तो बराच वेळ बाहेर बघत राहिला, कळ यायची वेळ होऊन गेली तरी.

बायकोला वाटलं होतं, आता आपल्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. चार महिने जीव मुठीत धरायची सवय झाली होती, ती मूठ उघडेना. तिनं भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. मग ओले हात तसेच धरून म्हणाली, "तीस कसले? पायाला टाचणी कळत नाही आणि तीस?"

"तीस तर तीस," आचारी म्हणाला.

"टक्केवारीवर वेगळं अपील करता येतं. विचारलंय मी वकीलबाईला."

"तू कर मग. मी काही आता येत नाही."

"असं कसं येत नाही? पाठ तुमची आहे ना?"

लेक हसायला लागली. आचाऱ्यानं बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. निकालाच्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत काय मुदत दिली आहे ते ती ओल्या बोटानं शोधत होती.